नाताळसाठी घर सजवताना: तारा, गोठा, लायटिंग आणि स्वयंपाकघराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वसईच्या गावांत, वांद्रे-माहीमच्या गल्ल्यांत आणि गोव्यातल्या वाड्यांवर डिसेंबर लागला की माळ्यावरची खोकी खाली येतात. गेल्या वर्षीच्या गुंतलेल्या माळा, एका बाजूने फाटलेला कागदी तारा, येशूजन्माच्या देखाव्यासाठी मांडायच्या गोठ्यातलं कान तुटलेलं गाढव. त्यांच्यासोबत दरवर्षीचे प्रश्नही खाली येतात. घरोघरी, सोसायटीत आणि चर्चच्या आवारात जे पुन्हा पुन्हा विचारलं जातं, ते इथे घेतलं आहे. बहुतेक अडचणींचं मूळ एकच असतं: सण नवा, सामान जुनं आणि हातात वेळ कमी.

तयारी कधी सुरू करावी?

आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांपैकी पहिल्याला. त्या दिवशी सजावट करायची नाही, फक्त सामान काढून तपासायचं. विजेचं काम पहिल्या आठवड्यात उरकावं, कारण पुढे वायरमन मिळत नाही आणि मिळाला तर तोही घाईतच असतो. तारा आणि बाहेरची लायटिंग दुसऱ्या आठवड्यात, गोठा तिसऱ्यात. हिरव्या फांद्या मात्र अगदी शेवटी आणाव्यात. त्याचं कारण पुढे झाडाच्या प्रश्नात आहे.

गेल्या वर्षीच्या माळा लागतात की नाही, एवढं पाहिलं तर पुरे का?

पुरे नाही. लागणारी माळही धोक्याची असू शकते. प्लग लावण्याआधी ती दिवसाच्या उजेडात जमिनीवर पसरा आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हातातून सरकवत न्या. वायर कुठे कडक झाली आहे, कुठे उंदराने कुरतडली आहे, होल्डरपाशी तांबं दिसतं आहे, प्लगचा पाय काळवंडला आहे, हे बोटांना आणि डोळ्यांना लगेच कळतं. किनाऱ्यालगतच्या घरांत खाऱ्या हवेने जोडांवर हिरवट किंवा पांढरी बुरशीसारखी पूड धरते. असा जोड तापतो.

जुन्या पद्धतीच्या छोट्या बल्बांच्या माळांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. या माळेत सगळे बल्ब एकापाठोपाठ जोडलेले असतात. एक गेला की सगळी माळ बंद. मग घरातला कुणी हुशार गेलेला बल्ब काढतो, दोन टोकांना पीळ देतो, वर टेप गुंडाळतो आणि माळ पुन्हा लागते. सगळे खूश. पण ४० बल्बांच्या माळेत २३० व्होल्टची वाटणी होते तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला पावणेसहाच्या आसपास व्होल्ट येतात. पाच बल्ब असे गाळले की उरलेल्या ३५ जणांवर साडेसहाहून जास्त व्होल्ट पडतात. ते जास्त उजळतात, जास्त तापतात आणि आणखी लवकर जातात. तीन-चार ठिकाणी टेप दिसली की ती माळ सरळ काढून टाका. आजोबांनी आणलेली असली तरी. आठवण म्हणून ठेवायची असेल तर प्लग कापून ठेवा.

नवी माळ घेताना काय पाहायचं?

एलईडीचीच घ्या. ती कमी वीज खाते आणि बल्बइतकी तापत नाही. पण सगळ्या एलईडी माळा सारख्या नसतात. स्वस्त माळेत बऱ्याचदा ट्रान्सफॉर्मर नसतो, २३० व्होल्ट थेट त्या केसासारख्या बारीक वायरीतून फिरतात. वायर सोलली गेली की तिथे हात लावणाऱ्याला झटका. अडॅप्टरवर किंवा यूएसबीवर चालणारी कमी व्होल्टची माळ थोडी महाग पडते. मात्र गोठ्यात, झाडावर आणि लहान मुलांचा हात पोचेल अशा प्रत्येक जागी तीच लावा.

बाहेर लावायची असेल तर खोक्यावर आयपी ४४ किंवा आयपी ६५ (धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) लिहिलेलं बघा. पाऊस नाही म्हणून निर्धास्त राहू नका, डिसेंबरात पहाटे दव पडतं आणि बाल्कनीतल्या माळा रोज ओल्या होतात. अडॅप्टर आणि प्लग मात्र काही झालं तरी आतच राहिले पाहिजेत. बाहेरच्या माळेसाठी मधली वायर वेगळी घेणार असाल तर तिच्यावर आयएसआयची खूण आणि आयएस ६९४ हा क्रमांक छापलेला असतो, तो पाहून घ्या.

एका एक्स्टेन्शन बोर्डावर किती माळा चालतील?

हिशेब सोपा आहे. सहा अँपिअरचा सॉकेट, २३० व्होल्ट, म्हणजे जास्तीत जास्त १३८० वॅट. एलईडीच्या माळेवर पाच-दहा वॅट लिहिलेले असतात, म्हणजे माळांच्या संख्येने बोर्ड भरत नाही. भार वाढतो तो त्याच बोर्डावर कुणी इस्त्री, हीटर किंवा केकचा ओव्हन लावला की. दीड हजार वॅटचा ओव्हन त्या हिशेबात बसतच नाही, त्याला १६ अँपिअरचा वेगळा पॉइंटच हवा.

दुसरी गोष्ट, बोर्डाला बोर्ड, त्याला आणखी एक बोर्ड अशी आगगाडी करू नका. प्रत्येक जोड ही ढिला पडायची जागा, आणि ढिला जोड ठिणगी पाडतो. जास्तीची वायर गुंडाळी करून सोफ्यामागे कोंबू नका, गालिच्याखालून नेऊ नका. तासाभराने प्लगला उलटा हात लावून पाहा. गरम लागला तर काढा.

बाल्कनीच्या लोखंडी ग्रिलला माळ बांधली तर चालेल का?

मुंबईत सगळे तिथेच बांधतात, आणि नेमकी तिथेच सगळ्यात जास्त काळजी हवी. वाऱ्याने माळ हलते, वायर ग्रिलच्या धारेवर घासते, आवरण फाटतं आणि सबंध ग्रिलमध्ये वीज उतरू शकते. सकाळी त्याच ग्रिलवर कुणीतरी ओलं फडकं वाळत घालतं. म्हणून तारेने बांधू नका. प्लॅस्टिकच्या पट्ट्या किंवा सुती नाडी वापरा, आणि वायर धारेवरून जाते तिथे जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा. कमी व्होल्टची माळ असेल तर ही चिंता बरीच कमी होते.

घरात आरसीसीबी बसवलेला असेल (घरासाठी ३० मिलिअँपिअरचा असतो) तर गळतीची वीज वाहू लागताच तो क्षणात पुरवठा तोडतो. त्यावर टेस्टचं बटण असतं. सजावट सुरू करायच्या आधी ते एकदा दाबा. पडला नाही तर वायरमनला बोलवा. एमसीबी आहे म्हणून आरसीसीबी नको, असं समजू नका. एमसीबी जादा भारापासून वायर वाचवतो, माणसाला झटक्यापासून वाचवायचं काम आरसीसीबीचं.

तारा घरी करायचा आहे. कसा आणि किती उंच लावावा?

घरी केलेल्या ताऱ्याला तोड नाही, त्यामुळे कराच. बांबूच्या सारख्या लांबीच्या दहा कामट्या, पाच-पाचच्या दोन चांदण्या. दोन्ही एकमेकींवर ठेवून पाचही टोकं दोऱ्याने बांधायची आणि मधल्या पाच कोपऱ्यांत बोटभर लांबीचे आडवे तुकडे अडकवायचे की पोट फुगतं. त्यावर पतंगी किंवा जिलेटिनचा कागद. खळ पातळ ठेवा, जाड खळीने कागद वाळताना सुरकुततो. खालच्या दोन टोकांना झिरमिळ्या.

आत पूर्वी ४० किंवा ६० वॅटचा पिवळा बल्ब लावत. कागद काळा पडून तारा जळाल्याची उदाहरणं जुन्या लोकांना विचारा, प्रत्येक गावात एखादं मिळेल. पाच ते नऊ वॅटचा एलईडी बल्ब पुरतो. तो मधोमध लटकला पाहिजे, कागदाला टेकता कामा नये. होल्डरचं वजन वायरवर टाकू नका, वेगळ्या सुतळीने पेला.

माडावर किंवा बांबूच्या काठीवर तारा चढवणाऱ्यांनी आधी वर पाहावं. महावितरणची तार जवळून जात असेल तर जागा बदला. ओला बांबू वीज वाहून नेतो. लोखंडी शिडी तर नकोच. कौलांवर किंवा सिमेंटच्या पत्र्यावर चढून तारा लावायचा मोह होतो, तोही टाळा. पत्रा माणसाचं वजन धरत नाही.

गोठ्यात बर्फ म्हणून कापूस पसरतात. चालेल का?

गोठ्यात पेंढा, सुकं गवत, रंगीत कागदाचे डोंगर आणि आत दिवा. एवढं जळाऊ सामान घरात एरवी आपण एका जागी कधी ठेवत नाही. त्यात कापूस सगळ्यात वाईट, ठिणगी पडली तर आग त्याच्यावरून पळत जाते. शिवाय बेथलेहेमच्या गोठ्यात बर्फ असायचं काही कारणही नाही, ते युरोपातल्या चित्रांतून आलं. संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेचो गावी गोठा मांडला, तेव्हापासून ही परंपरा पसरली असं मानतात. तिथला डोंगरी गारठा वसईला आणायची गरज नाही.

त्यापेक्षा आपलं हिरवं गवत छान दिसतं. गहू किंवा नाचणी रात्रभर भिजवा, १३-१४ डिसेंबरच्या सुमारास करवंट्यांत किंवा उथळ ताटल्यांत ओल्या मातीवर दाट पसरा आणि पहिले दोन दिवस ओल्या फडक्याखाली झाकून ठेवा. मग रोज पाणी शिंपडा. चोवीस तारखेला हात फिरवावा असं कोवळं रान तयार होतं. ते ओलं असल्यामुळे सहज पेटतही नाही. गोठ्यात उदबत्ती आणि मेणबत्ती ठेवू नका. बाळ येशूपुढे दिवा हवाच असेल तर गोठ्याच्या बाहेर, थाळीत.

थर्माकोलचा गोठा विकत घेतला तर?

महाराष्ट्रात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे. बाजारात दिसतो म्हणून घेऊ नका. तो पेटला की वितळून थेंब गळतात आणि धूर काळा, घशाला झोंबणारा असतो. पुठ्ठा, गोणपाट आणि नारळाचं सोडण वापरा.

खरं झाड लावावं की प्लॅस्टिकचं?

आपल्याकडे तीन पर्याय असतात. पहिला, सुरूची फांदी. किनाऱ्यावरच्या लोकांचं जुनं झाड हेच. दिसतं सुंदर, पण कापल्यावर आठवडाभरात सुकतं आणि सुकलेला सुरू चुलीत घालायच्या लायकीचा होतो. म्हणून तो २१-२२ तारखेच्या आधी आणू नका, ओल्या वाळूच्या बादलीत रोवा, रोज पाणी घाला, आणि सुया गळायला लागल्या की बाहेर काढा. वनखात्याच्या किंवा सरकारी जागेतल्या सुरूला हात लावू नका. शहरी भागात झाड तोडायला परवानगी लागते, महाराष्ट्राचा १९७५ चा कायदा आहे. खाली पडलेली फांदी मिळाली तर उत्तम.

दुसरा, कुंडीतला अरौकेरिया, ज्याला नर्सरीत सगळे क्रिसमस ट्रीच म्हणतात. जिवंत, ओला, पुढच्या वर्षीही चालणारा. आम्हाला विचाराल तर हाच घ्यावा. फक्त सण झाल्यावर हौसेने अंगणात लावताना भिंतीपासून लांब लावा, तो चार मजले उंच जाऊ शकतो.

तिसरा, प्लॅस्टिकचा. घेतलात तर वर्षानुवर्षं वापरा. कोणतंही झाड दारासमोर किंवा जिन्याच्या वाटेत उभं करू नका.

आगमनकाळाच्या मेणबत्त्या आणि घरातल्या इतर मेणबत्त्यांचं काय?

आगमनकाळाच्या चक्रात, म्हणजे हिरव्या पानांच्या गोल कड्यात, चार मेणबत्त्या असतात: तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची एक गुलाबी. चौथ्या रविवारपर्यंत पहिली अगदी बुटकी होते आणि तिची ज्योत चक्रातल्या पानांच्या पातळीवर येते. बहुतेकांच्या लक्षात येत नाही ते हेच. पाला दर रविवारी बदला आणि बुटकी मेणबत्ती वेळीच काढून नवी लावा. प्रार्थना संपली की विझवा. बाकी मेणबत्त्यांसाठी एकच नियम: पडद्यापासून हातभर लांब, पंख्याच्या वाऱ्यात नाही, आणि खोलीत कुणी मोठं माणूस नसेल तर पेटती नाही.

फराळाच्या धांदलीत स्वयंपाकघरात काय सांभाळावं?

नेवऱ्या (करंज्या), कुलकुलं तळताना सगळं घर भोवती जमतं. कुलकुलं वळायला मुलांना बसवायचंच, काट्यावर कणीक दाबून वळायची मजा वर्षातून एकदाच येते. पण त्यांची जागा बैठकीच्या खोलीत, कढईपासून लांब. कढई अर्ध्याच्या वर भरू नका, गॅसवर असताना सोडून जाऊ नका. तेलाने धूर धरला म्हणजे ते पेटायच्या वाटेवर आहे.

दोदोल घोटणाऱ्यांनी विशेष जपावं. तांदळाचं पीठ, नारळाचा रस आणि माडाचा गूळ तासन्‌तास आटताना घट्ट होतो आणि मग त्याचे बुडबुडे फुटून हातावर उडतात. ते चिकटतात, म्हणून भाजतात खोल. लांब दांड्याचा कलथा, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, आणि दर पंधरा मिनिटांनी माणूस बदला. दमलेला माणूसच भाजतो. केकवर रम शिंपडायची ती शेगडी बंद करून.

महिनाभर गॅस जोरात चालणार, तर आधी दोन गोष्टी पाहा. नारिंगी सुरक्षा ट्यूबवर छापलेली मुदत, ती पाच वर्षांनी बदलायची असते. आणि सिलिंडरच्या वरच्या पट्टीवरचा कोड: ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, पुढे वर्ष. ती तपासणीची मुदत असते. उलटून गेली असेल तर सिलिंडर परत करा.

कढईतलं तेल पेटलं तर? कुणी भाजलं तर?

पाणी अजिबात नाही. तेलावर पाणी पडलं की ते क्षणात वाफ होऊन पेटतं तेल वर उडवतं. गॅस बंद करा, मोठं झाकण किंवा परात बाजूने सरकवत कढईवर ठेवा आणि गार होईपर्यंत उचलू नका. कढई उचलून बाहेर न्यायचा प्रयत्न तर मुळीच करू नका.

भाजलेला भाग नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटं धरा. बांगड्या, अंगठी सूज यायच्या आत काढा. टूथपेस्ट, हळद, शाई, बर्फ यातलं काहीही लावू नका. आजीने कितीही आग्रह केला तरी. फोड मोठे असतील, तोंड, हात किंवा सांधा भाजला असेल, लहान मूल असेल तर लगेच दवाखाना.

गॅस गिझरचा नाताळशी काय संबंध?

फार जवळचा. चोवीस तारखेला संध्याकाळी घरात पाहुणे धरून आठ-दहा माणसं असतात, सगळ्यांना मध्यरात्रीच्या मिस्साआधी (चर्चमधल्या प्रार्थनेआधी) अंघोळ करायची असते आणि गारठा म्हणून न्हाणीघराची खिडकी बंद असते. गॅस गिझर सलग तासभर चालतो, बंद जागेतला प्राणवायू संपत जातो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. एलपीजी गळल्यावर येतो तसा वास येईल, म्हणून वाट पाहू नका. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ ही पहिली लक्षणं, आणि माणूस ती दमल्यामुळे होत असतील असं समजतो.

गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेच्या जागी बसवून घ्या. ते शक्य नसेल तर बादल्या भरून घ्या, गिझर बंद करा आणि मगच दार लावा. झरोक्यात कापड कोंबू नका. आत कुणी उत्तर देत नसेल तर दार उघडा किंवा तोडा, गॅस बंद करा, माणसाला उघड्यावर आणा आणि १०८ ला फोन लावा. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपणाऱ्यांनाही हेच लागू.

घरात रांगणारं मूल आणि मांजर आहे. वेगळं काय करावं?

गाणारे सांता, चमकणाऱ्या टोप्या, छोट्या मेणबत्त्यांसारखे दिवे यांत बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या असतात. मुलाने गिळली तर ती अन्ननलिकेत अडकून काही तासांत आतून जखम करते. स्क्रूने बंद होणारं झाकण असलेलीच वस्तू घ्या. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी न करवता थेट मोठ्या रुग्णालयात जा, एक्स-रे काढावा लागतो. मांजर चमकीच्या लांब पट्ट्या गिळतं, त्या वरच्या फांद्यांवर बांधा. पॉइन्सेटियाची लाल कुंडी विषारी म्हणून बदनाम आहे, पण तिच्या चिकाने फार तर तोंडात जळजळ किंवा उलटी होते. कुंडी उंचावर ठेवली की झालं.

मिस्साला जाताना लायटिंग चालू ठेवायची का?

नाही. बाहेरचा एक साधा दिवा राहू द्या. माळा, ताऱ्याचा बल्ब, गोठा सगळं बंद, गॅसचा रेग्युलेटर बंद. परत आल्यावर पुन्हा लावायला मुलंच धावतात.

एकतीस तारखेला म्हातारा जाळतात, तेव्हा?

सरत्या वर्षाचा पुतळा म्हणून गवत आणि जुन्या कपड्यांचा म्हातारा मुंबईत, वसईत, गोव्यात सगळीकडे उभा राहतो. पोटात फटाके भरू नका, पेटलेला फटाका कुठल्या दिशेने सुटेल ते सांगता येत नाही. जागा मोकळी हवी: वर विजेच्या तारा नाहीत, शेजारी गाड्या नाहीत, जवळ भाताच्या पेंढ्यांची उडवी नाही. डिसेंबरात गावात पेंढा सुकलेला असतो, हे शहरातून आलेल्या पाहुण्यांच्या लक्षात नसतं. दोन बादल्या पाणी आधी भरून ठेवा आणि मुलांना टेरिकॉटचे कपडे घालू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नाताळ आणि नववर्षाच्या फटाक्यांसाठी रात्री ११.५५ ते १२.३० ही वेळ ठरवून दिली. स्थानिक पोलिसांचा आदेश त्याहून कडक असू शकतो.

घरात अग्निशामक ठेवावा का? कोणते नंबर लिहून ठेवावेत?

दोन किलोचा एबीसी पावडरचा ठेवा, काटा हिरव्या पट्ट्यात आहे का ते पाहा, आणि तो स्वयंपाकघराच्या दाराशी लटकवा. शेगडीच्या वर लावलात तर ऐन वेळी तिथे हात पोचणार नाही. विजेच्या आगीत आधी मेन स्विच पाडा. आग फळीएवढी झाली की लढत बसू नका, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा, दार ओढून घ्या. अग्निशमन १०१, सर्व आपत्कालीन सेवा ११२, रुग्णवाहिका १०८, गॅसगळती १९०६. पाहुण्यांनाही दिसेल असे फ्रिजवर लिहा, सोबत घराचा पूर्ण पत्ता आणि जवळची खूण. घाबरलेल्या पाहुण्याला तुमच्या गल्लीचं नाव आठवत नाही.

सजावट कधी उतरवायची आणि कशी ठेवायची?

सहा जानेवारीला तीन राजांचा सण झाला की उतरवा. सुरूची फांदी त्याआधीच सुकली असेल, तर सहा तारखेची वाट पाहू नका. माळा प्लग काढून, पुसून, दिवसभर सावलीत वाळवून पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळा, म्हणजे पुढच्या वर्षी गाठी सोडवत बसावं लागणार नाही. पुठ्ठ्यावर कुठे लावली होती आणि कोणत्या वर्षी घेतली ते लिहा. बॅटऱ्या काढून घ्या. उंदरांसाठी खोक्याऐवजी झाकणाचा डबा. मोडकं काही असेल तर ते डब्यात जाऊ देऊ नका, दुरुस्तीला आत्ताच टाका. जानेवारीत वायरमन निवांत असतो.